जेवायला बसलेली सभ्य माणसं: मध्यमवर्गावर टीका करणाऱ्या सिनेमांतलं तत्त्वज्ञान – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमा संपल्यावर, दिवे लागता लागता लोक जे विचारतात ते प्रश्न इथे जवळपास त्याच शब्दांत ठेवलेत. उत्तरांत बरेच शेवट फोडले आहेत. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी सिनेमे बघावेत. या जातीच्या सिनेमात शेवट कळल्याने फारसं काही बिघडत नाही, ही गोष्ट वेगळी.

बूर्झ्वा आणि मध्यमवर्ग एकच का?

नाही. मार्क्सच्या लेखी बूर्झ्वा म्हणजे भांडवलाचा मालक: कारखाना त्याचा, यंत्रं त्याची, नफा त्याचा. मराठीत ज्याला आपण पांढरपेशा म्हणतो तो पगारावर जगतो. त्याच्याकडे कारखाना नसतो, हप्ते असतात. स्पॅनिश दिग्दर्शक लुई बुन्युएलच्या पडद्यावर बहुधा पहिला वर्ग दिसतो, बंगाली दिग्दर्शक मृणाल सेन किंवा जर्मन दिग्दर्शक फासबिंडरच्या पडद्यावर दुसरा, कधी त्याच्याही खालचा थर.

तरीही या सगळ्यांची नावं एका दमात घेतली जातात, कारण टीकेचा रोख मालमत्तेपेक्षा एका समजुतीवर असतो. आपण जगतो ते साधं-सरळ जगणं, बाकी सगळे जरा वेगळे, ही ती समजूत. फ्रेंच लेखक-समीक्षक रोलां बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये यावर नेमकं बोट ठेवलंय: बूर्झ्वाझी हा असा वर्ग आहे, ज्याला आपलं नाव घेतलेलं नको असतं. कामगार स्वतःला कामगार म्हणवतो, सरदार सरदार म्हणवतो. हा मात्र म्हणतो, ‘आम्ही आपली चार माणसांसारखी माणसं.’ या सिनेमांचं पहिलं काम म्हणजे ते टाळलेलं नाव उच्चारणं. बुन्युएलने तर ते १९७२ च्या ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी’च्या शीर्षकातच घालून टाकलं.

थोडक्यात, पैसेवाल्यांवरचा राग ना?

राग असता तर हे सिनेमे एकदा बघून विसरले असते. खलनायक श्रीमंत असलेले सिनेमे ढिगाने आहेत. ते बघून आपण खूश होऊन बाहेर पडतो, कारण तो खलनायक आपण नसतो.

इथे टीका आहे ती न बघण्याच्या कसबावर. रोजचा दिवस सुरळीत पार पडावा म्हणून काय काय नजरेआड करावं लागतं, हा यांचा प्रश्न. मृणाल सेनचा ‘खारिज’ (१९८२) घ्या. नवरा, बायको, लहान मूल असं एक तरुण कुटुंब. घरकामाला पालन नावाचा पोरगा. थंडीच्या रात्री तो ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकघरात, कोळशाच्या शेगडीजवळ, दार लावून झोपतो आणि सकाळी मेलेला सापडतो. कार्बन मोनॉक्साइड. पुढचा सगळा सिनेमा या मृत्यूनंतर घरातली मोठी माणसं काय करतात याचा आहे. ती दुष्ट नाहीत. हादरलेली आहेत, पण त्याच वेळी हिशोबही चाललेला आहे. स्वयंपाकघराला हवेचा झरोका नव्हता, म्हणजे दोष घरमालकाचा का? पोलीस काय विचारतील? शेजारी काय म्हणतील?

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सने जर्मनांच्या अपराधाबद्दल लिहिताना अपराधाचे चार प्रकार पाडले होते: कायद्यातला, राजकीय, नैतिक आणि चौथा ज्याला तो आधिभौतिकापलीकडचा म्हणतो, म्हणजे दुसरा मेला आणि मी जिवंत आहे एवढ्यानेच येणारा. ‘खारिज’मधलं जोडपं सगळी शक्ती पहिल्या प्रकारातून सुटण्यावर लावतं, आणि सुटतंही. शीर्षक कोर्टाच्या भाषेतलं आहे, आपल्याकडेही दावा खारीजच होतो. पण बाकीचे तीन प्रकार तसेच उरतात, त्यांना निकाली काढणारं कोर्ट नाही.

शेवटी अंत्यसंस्कार उरकून मुलाचा बाप परत येतो. घरातला पुरुष त्याच्यासमोर उभा आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, आता हा थोबाडीत मारणार. आपल्यालाही तेच वाटतं. खरं तर मारावी अशी इच्छा असते. बाप हात जोडतो आणि निरोप घेतो. बस. ती थप्पड बसली असती तर हिशोब मिटला असता. नमस्काराने तो कायमचा उघडा राहिला.

हा सिनेमा मी तीनदा बघितलाय. तिन्ही वेळा त्या क्षणी माझी नजर पडद्यावरून खाली गेली.

‘द एक्स्टर्मिनेटिंग एंजल’मधले पाहुणे खोलीबाहेर का पडत नाहीत?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आधी गोष्ट: १९६२ चा सिनेमा, बुन्युएलने मेक्सिकोत केलेला. ऑपेरा संपल्यावर विसेक प्रतिष्ठित मंडळी एका बंगल्यावर मेजवानीला येतात. त्याच संध्याकाळी घरातले नोकर एकेक करून, धड कारण न सांगता, निघून जायला लागतात. जेवण होतं, पियानो वाजतो, रात्र होते आणि कोणीच घरी जात नाही. सकाळी लक्षात येतं की जाताच येत नाही. दार उघडं आहे, उंबरठ्यावर काही नाही. तरी पाऊल पुढे पडत नाही. दिवस जातात. पाण्यासाठी भिंत फोडून नळ गाठतात, बंगल्यात शिरलेल्या मेंढ्या मारून खातात, उंची कपड्यांची लक्तरं होतात.

कारण सिनेमात दिलेलं नाही आणि बुन्युएलने ते बाहेरही कधी दिलं नाही. तेव्हा ‘याचा अर्थ अमुक’ असं सांगणाऱ्यापासून जरा जपून. पण पहिल्या रात्रीकडे नीट बघा. उशीर झालाय हे सगळ्यांना कळलंय, पण आधी उठणं बरं दिसत नाही. यजमानांना पाहुणे जावेत असं वाटतंय, पण तसं सुचवणं बरं दिसत नाही. एक जण कोट काढून कोचावर आडवा होतो. हे तर फारच वाईट दिसतं, म्हणून त्याला अवघडल्यासारखं वाटू नये यासाठी बाकीचेही कोट काढतात. इथपर्यंत कसलाही चमत्कार घडलेला नाही. हे आपण सगळ्यांनी केलेलं आहे. बुन्युएल फक्त तिथे थांबत नाही, एवढंच.

जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने १९२७ मध्ये या ‘बरं दिसत नाही’च्या कर्त्याला नाव दिलं होतं: ‘दास मान’, म्हणजे ‘लोक’. ‘लोक असं करतात’, ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक. हे लोक कोणी एक माणूस नाहीत, म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नाही. उंबरठ्यावर त्यांचाच पहारा आहे.

सुटका कशी होते तेही बघण्यासारखं आहे. एका बाईच्या लक्षात येतं की इतक्या दिवसांच्या हालचालींनंतर सगळे योगायोगाने पहिल्या रात्रीच्याच जागांवर आलेत. मग तेच पियानोवादन, तीच स्तुती, तेच संवाद जाणूनबुजून पुन्हा म्हटले जातात, आणि पाय मोकळे होतात. सवयीने केलेली गोष्ट एकदा उघड्या डोळ्यांनी करून बघितली की तिची पकड सुटते, असं म्हणावंसं वाटतं. बुन्युएल ते फार वेळ वाटू देत नाही. सुटल्याबद्दल देवाचे आभार मानायला मंडळी चर्चमध्ये जातात. प्रार्थना संपते. दाराशी सगळे थबकतात.

सार्त्रची ‘आत्मवंचना’ या संदर्भात सारखी का येते?

कारण ती इथे चपखल बसते. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’मध्ये (१९४३) एक वेटर आहे, जो वेटर असण्याचं नाटक जरा जास्तच चोख वठवतो. माणूस स्वतःला एखाद्या वस्तूसारखं पक्कं ठरवून टाकतो, म्हणजे मग निवडण्याची कटकट राहत नाही. आत्मवंचना ती हीच. ‘मी बाप आहे’, ‘मी साहेब आहे’, ‘मी तसला माणूसच नाही.’

रुबेन ऑस्टलुंडच्या ‘फोर्स माज्योर’मध्ये (२०१४) हे एका मिनिटात होतं. आल्प्समध्ये सुट्टीला आलेलं स्वीडिश कुटुंब उपाहारगृहाच्या गच्चीवर जेवतंय. समोरून हिमाचा लोट येतो. आधी सगळे फोनवर टिपत असतात, मग तो थांबत नाही हे कळतं. आई मुलांना कवटाळते. बाप हातमोजे आणि फोन उचलून पळतो. पांढरं धुकं विरतं, कोणाला काही झालेलं नाही, बाप परत येऊन खुर्चीवर बसतो आणि जेवण पुढे चालू होतं. उरलेला सिनेमा ‘मी पळालो’ ही चार अक्षरं त्याच्या तोंडून निघत नाहीत यावर आहे. भित्रेपणाबद्दल कोणीही त्याला माफ केलं असतं. पण ‘मी तसला माणूस नाही’ हे वाक्य सोडायची त्याची तयारी नसते, आणि बायकोला नेमकं तेच सहन होत नाही.

या सिनेमांत वस्तू इतक्या वेळ का दाखवतात? फ्रीज, कारंजी, टीव्ही…

मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात (१८६७) म्हटलंय की बाजारात माणसांमधली नाती वस्तूंमधल्या नात्यांचं रूप घेतात. वाचताना हे अवघड जातं. पडद्यावर मात्र शेंबड्या पोरालाही कळतं. जाक तातीच्या ‘मों ओंक्ल’मध्ये (१९५८) एका अत्याधुनिक घराच्या अंगणात माशाच्या आकाराचं कारंजं आहे. घंटी वाजली की बाई धावत जाऊन ते चालू करते. आलेला माणूस महत्त्वाचा नसेल, घरचाच कोणी किंवा काही विकायला आलेला असेल, तर मासा लगेच बंद होतो. कोणाची किती पत आहे हे त्या घरात माशाला ठाऊक असतं. तातीला यासाठी एकही संवाद लागत नाही.

डग्लस सर्कचं उदाहरण अधिक बोचरं आहे. ‘ऑल दॅट हेवन अलाउज’मध्ये (१९५५) एका विधवेचं तिच्या बागेत काम करणाऱ्या, वयाने लहान माणसावर प्रेम बसतं. मोठी झालेली मुलं लोकलज्जेपोटी ते मोडायला लावतात. मग ख्रिसमसला तिला टीव्ही भेट देतात. बटण फिरवलं की सोबतच सोबत, असं विक्रेता सांगतो. कॅमेरा सावकाश त्या बंद काचेजवळ जातो आणि तिच्यात त्या बाईचा एकटा चेहरा दिसतो.

आणि मिखाएल हानेकेचा ‘द सेव्हन्थ कॉन्टिनेंट’ (१९८९). सुरुवातीला कितीतरी वेळ माणसांचे चेहरेच नाहीत: हात, गजर, बूट, पैसे देणारी बोटं. शेवटी हे कुटुंब मरायचं ठरवतं आणि त्याआधी घरातली एकूण एक वस्तू पद्धतशीर फोडतं. नोटा संडासात टाकून पाणी सोडतात. या दृश्यावर प्रेक्षक भडकतील हे हानेकेने आधीच ओळखलं होतं, आणि तसंच झालं. मूल मरतं ते सहन होतं, नोटा वाहून गेलेल्या सहन होत नाहीत. ‘कॅपिटल’वर याहून छोटं भाष्य मला माहीत नाही. मात्र हा सिनेमा एकट्याने, रात्री बघू नका, हे मनापासून सांगतोय.

नोकर-मोलकरणी यात इतक्या का असतात?

कारण त्या घरातच असतात आणि सगळं बघतात. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने १८०७ मध्ये धनी आणि दास यांची जी मांडणी केली तिचा गाभा असा: धन्याला मान्यता हवी असते, पण ज्याच्याकडून ती मिळते त्याला तो आपल्या बरोबरीचा मानत नाही, म्हणून ती मान्यता फुकट जाते. दास मात्र वस्तूंवर काम करता करता जग ओळखू लागतो.

क्लोद शाब्रोलच्या ‘ला सेरेमोनी’मध्ये (१९९५) मोलकरणीला वाचता येत नाही आणि ती ते जिवाच्या आकांताने लपवते. घर पुस्तकांनी भरलेलं. मालक मंडळी वाईट आहेत का? छे. तिला चष्मा हवाय असं वाटून ते त्याची सोय करतात, गाडी शिकवायची तयारी दाखवतात. घरातल्या मुलीला खरं कळतं तेव्हा ती आपणहून वाचायला शिकवते म्हणते. तिथेच सगळं संपतं. चांगुलपणा वरून खाली येतो तेव्हा त्याचाही भार होतो, हे त्यांच्या कधी डोक्यात येत नाही. अखेरच्या रात्री हे कुटुंब टीव्हीवर मोझार्टचा ‘डॉन जोव्हानी’ ऐकत बसलंय. शाब्रोल त्या संगीताची अजिबात टवाळी करत नाही. ते सुंदरच आहे, आणि बंदुका स्वयंपाकघरात आहेत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यूने १९७९ मध्ये ‘अभिरुची’ हीच वर्गांमधली कुंपणाची तार असते असं जे दाखवलं ते इथे ऐकू येतं.

बोंग जून-होच्या ‘पॅरासाइट’मध्ये (२०१९) ती तार म्हणजे वास. मालक ड्रायव्हरशी अदबीने बोलतो. पण वास सीमारेषा ओलांडतो, अशी त्याची तक्रार आहे. रात्रीच्या पावसात ड्रायव्हरचं तळघरातलं घर बुडतं. दुसऱ्या दिवशी मालकीण गाडीत फोनवर बोलतेय की पावसाने हवा कशी स्वच्छ झाली, आणि बोलता बोलता गाडीची काच खाली करते. हा न बघण्याचा पुढचा टप्पा. डोळे मिटता येतात, नाक मिटत नाही.

हे सिनेमे इतके संथ आणि कंटाळवाणे का?

काही खरंच आहेत, विनाकारण. संथपणा म्हणजे खोली असं समजणाऱ्यांची कमी नाही.

पण शांताल आकरमानचा ‘जान दीलमान’ (१९७५) संथ असल्याशिवाय शक्यच नाही. सव्वातीन तासांहून अधिक वेळ एक विधवा अंथरूण घडी करते, बटाटे सोलते, भांडी घासते, दुपारी घरी एक गिऱ्हाईक घेते, पैसे भांड्यात टाकते. तीन दिवस. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. कथानकातला भूकंप तो हाच. ते पातेलं हातात घेऊन ती घरभर फिरते, कुठे ठेवावं सुचत नाही, आणि तोवर आपण तिच्या क्रमात इतके मुरलेले असतो की आपल्याही छातीत धडधडतं. तो क्रम तिने कशापुढे तरी ढालीसारखा धरलाय हे तेव्हा कळतं. दोन मिनिटांत हे सांगता येईल, पण अनुभवता येणार नाही. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या समीक्षकांच्या कौलात हा सिनेमा पहिला आला.

अंतोनिओनीच्या ‘लेक्लिस्से’मध्ये (१९६२) तर खुद्द वेळेचाच भाव केलाय. रोमच्या शेअर बाजारात एका सहकाऱ्याच्या निधनाबद्दल एक मिनिट शांतता पाळतात. आरडाओरडा थांबतो, फोन मात्र वाजत राहतात. नायक नायिकेच्या कानात कुजबुजतो की इथे एक मिनिट म्हणजे अब्जावधी. मिनिट संपतं आणि पुन्हा गदारोळ.

दिग्दर्शक स्वतःच खात्यापित्या घरचे. हे ढोंग नाही का?

प्रश्न रास्त आहे. बुन्युएलचा पहिला लघुपट आईच्या पैशावर झाला, त्याच्याच ‘लाज दोर’ला (१९३०) एका व्हाइकाउंटने, म्हणजे फ्रेंच सरदाराने, पैसे दिले. इटालियन दिग्दर्शक विस्कोन्ती जन्माने सरदार. शिवाय ‘लाज दोर’वर पॅरिसच्या चित्रपटगृहात उजव्या टोळ्यांनी धुडगूस घातला आणि पोलिसांनी बंदी आणली, तर बुन्युएलच्याच १९७२ च्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. ज्यांच्यावर टीका, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. तत्त्वज्ञ हर्बर्ट मार्क्यूजने १९६४ मध्ये नेमकी हीच भीती घातली होती: प्रगत समाज विरोधाला दाबत नाही, पचवतो.

माझं मत असं की घरचा माणूसच घरातल्या खोड्या जाणतो. बाहेरून केलेली टीका व्यंगचित्र होते. सत्यजित राय यांच्या ‘सीमाबद्ध’मधला (१९७१) पंख्यांच्या कंपनीतला अधिकारी बघा: सदोष माल वेळेत परदेशी जाणार नाही म्हणून तो कारखान्यात मुद्दाम गडबड घडवून आणतो, दंड टळतो, एक पहारेकरी जखमी होतो, याला बढती. घरी येतो तर लिफ्ट बंद. कॅमेरा त्याला जिने चढताना मजल्यामागून मजला बघत राहतो. त्या दमलेल्या पावलांत तिरस्कारापेक्षा ओळख जास्त आहे. राय यांनी चित्रपटांआधी जाहिरात कंपनीत नोकरी केली होती, त्यांना ही माणसं जवळून ठाऊक.

मग उपाय काय? हे लोक तो का सांगत नाहीत?

इटालियन दिग्दर्शक पासोलिनीने ‘तेओरेमा’त (१९६८) करून बघितला. एक अनोळखी पाहुणा मिलानच्या कारखानदाराच्या घरी राहून जातो आणि तो गेल्यावर प्रत्येकाचं जगणं कोसळतं. बाप कारखाना कामगारांना देऊन टाकतो. पण सिनेमाच्या सुरुवातीलाच एक पत्रकार कामगारांना विचारून गेलाय: मालकाने कारखाना दिला तर तुम्हीही बूर्झ्वाच होणार ना? उत्तर येत नाही. बाप शेवटी नागडा, ओसाड राखाडी उतारावर ओरडत धावतो. त्या घरातून एकटी मोलकरीण कुठेतरी पोचते, आणि तीही हवेत तरंगून. हा उपाय कोणाला लागू पडेल असं दिसत नाही.

तत्त्वज्ञान वाचल्याशिवाय हे कळतं का?

कळतं. वर जी नावं आली ती बघून झाल्यावर बोलायला बरी.

सुरुवात कुठून करावी?

तातीपासून, कारण हसू येतं. मग सर्क, मग ‘पॅरासाइट’. फासबिंडरचा ‘अली: फिअर ईट्स द सोल’ (१९७४) सर्कनंतर लगेच बघा, तीच गोष्ट सफाई कामगार बाई आणि मोरोक्कन मजुराच्या वाट्याला आली की काय होते ते दिसेल. त्यातले शेजारी आधी वाळीत टाकतात, मग कोणाला सामान ठेवायला जागा हवी, कोणाला मूल सांभाळायला हवं, दुकानदाराला गिऱ्हाईक हवं, म्हणून गोड होतात. बुन्युएल चौथा-पाचवा. हानेके शेवटी.

शेवट नेहमी अर्धवट का सोडतात?

मृणाल सेनच्या ‘एक दिन प्रतिदिन’मध्ये (१९७९) घरातली एकटी कमावती मुलगी एका रात्री कामावरून परत येत नाही. आईवडील, भावंडं, शेजारी, घरमालक, सगळे जागे. पोलीस, इस्पितळ, शवागार सगळीकडे शोध. काळजी खरी आहे, पण तास उलटतात तशी तिच्यात अब्रूची काळजी मिसळते, पगाराचीही. उशिरा ती धडधाकट परत येते. एकदाही कोणी विचारत नाही, कुठे होतीस. विचारायची हिंमत नाही, कारण उत्तर काय येईल कोण जाणे. सिनेमा सांगत नाही ते सांगत नाहीच.

लोक सेनना नंतर विचारायचे, मुलगी त्या रात्री होती तरी कुठे? ते म्हणायचे, मलाही माहीत नाही.